तुतीचा पांढरा पट्टा

तुती वाळली आणि आळ इस्त्रीवर आला.

ही तुती शिंपीमास्तरांच्या दुकानापुढं उभी होती. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, लग्न होऊन आल्या त्या वर्षी तिथं हातभर काडी खोचली होती. तिचं तीस वर्षांत असं झाड झालं की कवेत मावेना. काकूंचा त्या झाडावर जीव आणि मास्तरांचा राग. रागाला कारणही होतं. तुती पिकली की खाली जांभळा सडा, आणि मास्तरांकडं शिवायला येणारे निम्मे कपडे पांढरे. दर वर्षी कुणाच्या तरी सदऱ्याच्या पाठीवर एखादं फळ फुटायचं. मग मास्तर बाहेर येऊन झाडावर कात्री रोखायचे आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "एक दिवस तुला उभी कापली नाही ना, तर शिंप्याची जात सांगणार नाही!"

तीस वर्षं कुणी ही धमकी मनावर घेतली नाही. झाड जिवंत असेपर्यंत ती करमणूक होती. झाड मेल्यावर तिचा पुरावा झाला.

त्यात मास्तरांची इस्त्री कोळशाची. विझलेले, अर्धवट विझलेले कोळसे बुंध्याशी ओतून मोकळं व्हायचं, ही त्यांची जुनी खोड. काकूंनी दोन आणि दोन चार केले आणि अबोला धरला. साधा नव्हे, कसलेला अबोला. जेवायला वाढायच्या वेळेवर, पण बोलायच्या वरणाच्या पातेल्याशी. "बाई गं, कुणाला आणखी हवं असेल तर त्यानं वाटी पुढं करावी. झाडं जाळणाऱ्यांना तोंड असतं म्हणतात." मास्तर निमूट वाटी पुढं करायचे. दोन महिने झाले, पातेलं वैतागलं असेल.

पलीकडच्या घरातून एक माणूस हे सगळं ऐकत होता. तुती कुणी मारली हे साऱ्या गल्लीत त्या एकट्याला माहीत होतं. त्यानंच मारली होती.

या माणसाला सगळे सतराशेसाठ म्हणत. नाव त्याच्या मेहुणीनं ठेवलेलं. लग्नाच्या बोलणीत तिनं विचारलं होतं, "भावोजी करतात काय नक्की?" आणि त्यानं सांगायला सुरुवात केली होती. चित्रं काढतो. माती भाजतो. पानांचे ठसे घेतो. सालींचे रंग उकळतो. गवत विणतो. वाळक्या शेंगांची वाद्यं करतो. फोटो काढतो, आवाज टिपतो, कागद लगद्यापासून घरी बनवतो. मेहुणीनं सरबताचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे सतराशे साठ." तेव्हापासून तेच.

आणि या सतराशे साठ उद्योगांच्या मुळाशी एकच गुरू, निसर्ग. हे तो स्वतः सांगायचा, विचारलं नाही तरी सांगायचा. त्याची बायको दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीत बसायची. दिवसभर लोकांची अक्षरं वाचून तिला माणसंही झटकन वाचता येत. ती म्हणायची, "अहो, गुरूला आधी पाणी घाला. खिडकीतल्या कुंडीत सुकलाय."

खोटं नव्हतं ते. त्याच्या हातून कुंडीतली तुळशीएवढी रोपंही जगत नसत. ओली माती दिसली की त्याला तिचं काही बनवावंसं वाटायचं, आणि पान दिसलं की दाबून ठेवावंसं. घरात एकाही जाड पुस्तकाची पानं सरळ नव्हती. बायकोनं एकदा पाककृतींची वही उघडली तर आत अकरा नेचे निघाले आणि कृती एकही वाचता येईना.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या कलादालनानं त्याला अख्खी एक खोली दिली. आयुष्यात पहिल्यांदाच. तोपर्यंत त्याचं काम जिन्याखाली, नाहीतर पाण्याच्या पिंपाशेजारी लागायचं. खोली मिळाल्यावर त्याला सुचली ती 'मिठी'. झाडाच्या सालीचा एक पोकळ बुंधा, माणसाच्या छातीच्या उंचीला टांगलेला. आतून त्यानं स्वतः विणलेलं अस्तर. अस्तराच्या आत छोटा ध्वनिवर्धक, त्यातून त्याच झाडाच्या पानांची सळसळ. ज्याला वाटेल त्यानं यावं, मिठी मारावी, कान लावावा. कल्पना सुंदर होती यात शंका नाही. माणूस बावळट असला तरी कलाकार खरा होता.

सालीसाठी त्यानं काकूंना विचारलंही होतं. "काकू, तुतीची थोडी साल घेऊ का?"

"घ्या की! झाडाला काय, पुन्हा येईल."

काकूंच्या मनात तळहाताएवढा तुकडा असणार. याच्या मनात मिठी होती, आणि मिठीला तुकडा चालत नाही. पूर्ण फेरी हवी, सलग, कुठंही सांधा नको. मास्तर आणि काकू चार दिवस मुलीकडं गेले, त्यात त्यानं काम उरकलं. पालवीचे दिवस होते. त्या दिवसांत साल आतून ओली असते. त्यानं बुंध्याभोवती वर एक आणि दीड हात खाली एक अशी सुरीनं रेघ ओढली, एक उभी चीर दिली, आणि बांबूची पाचर सरकवली. लहान मुलाच्या अंगातून भिजका सदरा निघावा तशी साल निघून हातात आली. आतलं लाकूड पिवळट, ओलं, गुळगुळीत. त्याला एकदम वाटलं, आपण कुणाला तरी अंघोळ करताना पाहिलं. त्यानं मान वळवली.

ती पहिली लाज. पण कलाकाराला लाज वाटली की तो तिला अनुभव म्हणतो. त्यानं वहीत दोन ओळी लिहिल्या, उघड्या लाकडावर मातीचा लेप दिला, वरून चुना फासला. पांढराशुभ्र पट्टा झाला. मुलीकडून परत आल्यावर काकू हरखल्या. "बाई, किती छान दिसतंय! मुलीच्या कमरेला शेला बांधावा तसं." आणि त्या वर्षी तुती फळली म्हणजे किती फळली! फांद्या वाकल्या. मास्तरांचे चार सदरे गेले. काकूंनी वाडगाभर फळं आणून दिली. "तुमच्या हातगुणानं हो, कलाकार. चुना लावलात आणि झाड खुललं." त्यानं ती सगळी खाल्ली, आणि उरलेल्या रसानं एक चित्रही रंगवलं.

पट्ट्याच्या खाली बुंध्याला कोंब फुटले होते. लवचीक, तांबूस, बोटभर जाडीचे. चुन्याच्या रेषेवर ते आडवेतिडवे येत होते, म्हणून त्यानं मुळापासून उपटून काढले, त्यांची एक टोपली विणली आणि काकूंना भेट दिली. काकूंनी तिच्यात दोऱ्यांची रिळं ठेवली. पुन्हा कोंब आले, पुन्हा त्यानं काढले. यावेळी दिव्यावरची जाळी विणली.

इकडं कलादालनात मिठीला रांग लागली. लोक डोळे मिटून कान लावत. एक बाई तर रडल्या, त्यांना सोडवायला रखवालदाराला जावं लागलं. शेजारी पाटीवर त्याच्याच अक्षरांत लिहिलं होतं: "या कामासाठी निसर्गाकडून त्यानं आपणहून दिलेलं तेवढंच घेतलं आहे." ते वाचून दालनाच्या बाईंनी ठरवलं की मिठी कायमची तिथंच ठेवायची.

दुसऱ्या वर्षी तुतीला पानं आली ती नखाएवढी. मास्तर म्हणाले, "गेल्या वर्षी दमली असेल." सतराशेसाठला मात्र ते पटलं नाही. तो वाचनालयात गेला. झाडांवरचं एक जुनं पुस्तक काढलं आणि उभ्याउभ्याच वाचलं. पानं जे अन्न करतात ते सालीतून मुळांपर्यंत उतरतं. बुंध्याभोवतीची साल सगळीकडून गेली की मुळं उपाशी मरतात, आणि मग झाड. शाळेतलं ज्ञान. सुताराला माहीत असतं, गुराख्याला माहीत असतं. ज्याचा गुरूच निसर्ग, तेवढ्या एका माणसाला माहीत नव्हतं. त्यानं पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकाच्या पुस्तकांमागं उलटं खोचून ठेवलं, जणू आता कुणालाच कळणार नाही.

आणि गप्प बसला. वर्षभर.

म्हणजे अगदी गप्प नाही. सांगायला तो जायचा. मास्तरांच्या दारात उभा राहायचा, मास्तर मान वर करून म्हणायचे, "या कलाकार! काय काढलंत?" आणि याच्या तोंडून निघायचं, "जरा पँटचं माप घ्या." असं करत सात पँटी झाल्या. मास्तर कमरेला टेप लावताना म्हणायचे, "वाळलात हो. झाडासारखे." आणि याच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या. आठव्यांदा तो कापड घेऊन निघाला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला पाय दोनच आहेत ना? मग काय ते सांगून टाका कुणाला तरी."

"काय सांगू?"

"ते मला काय माहीत? पण नवी पँट घालून माणूस असं चोरासारखं चालत नाही."

या वर्षी तुतीला एकही पान आलं नाही. मग आळ इस्त्रीवर आला आणि काकू पातेल्याशी बोलू लागल्या.

शेवटी सतराशेसाठ गावाबाहेरच्या रोपवाटिकेत गेला. रोपवाटिकेचा म्हातारा कलमं बांधत बसला होता. ओल्या सुतळीचं एक टोक दातात, हातात चाकू.

"समजा," सतराशेसाठ म्हणाला, "एखाद्यानं झाडाची साल काढली. पूर्ण फेरीनं."

म्हाताऱ्यानं सुतळी तोंडातून काढली. "कोण गाढव ते?"

"समजा म्हटलं."

"समजा गाढवच. पुढं?"

"तर झाड वाचतं का?"

"वाचतं की. वर्षा-दीड वर्षात कळलं तर. आपण पूल बांधतो. खालचे कोंब असतात ना, त्यांची टोकं वरच्या सालीत खोचून कलम करायची. चार-पाच पूल बांधले की झालं, अन्न खाली उतरतं. तुतीसारखं झाड तर हट्टी. तेच बिचारं खालून कोंब फेकतं, घ्या रे, जोडा म्हणून. कोंब आले होते?"

"आले होते."

"मग?"

सतराशेसाठ कलमांच्या ओळीकडं बघत राहिला. "टोपली केली," तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं चाकू खाली ठेवला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "आता या वर्षी पान नाही म्हणता? मग सरपण." आणि सुतळी परत दातात धरली.

"इस्त्रीच्या कोळशानं मरतं का हो झाड?" जाता जाता यानं विचारलं.

"मूठ-मूठ राखेनं? उलट खतच ते."

घरी येईपर्यंत त्यानं हिशेब लावला. झाड सुरीनं मेलं नव्हतं. सुरीनंतर दीड वर्ष ते वाट बघत होतं. पुस्तक वाचलं त्या दिवशी तिसऱ्यांदा फुटलेले कोंब तिथंच होते, रोपवाटिका चालत जाण्याइतकी जवळ होती, आणि हा पँटी शिवत होता. अज्ञानाची लाज माणूस कशीबशी गिळतो. ही घशात आडवी बसली.

उद्या सकाळी सांगायचंच, असं ठरवून तो दाराशी पोचला, तर मास्तरच समोरून आले. चेहरा उजळलेला.

"मिटलं हो, कलाकार!"

"काय मिटलं?"

"अबोला! काल सरळ हात जोडले. म्हटलं, हो बाई, मीच मारली. माझ्या कोळशांनी मेली. माफ कर. रडली, मग मला दोन-चार ऐकवली, मग म्हणाली, चहा घेणार का? मला! पातेल्याला नाही, मला!"

"पण मास्तर, तुम्ही मारली नाहीत."

"काय माहीत? मारली असेलही. तीस वर्षं शाप देत होतो, एखादा लागला असेल." मास्तरांनी आवाज उतरवला. "खरं सांगू? रात्रीची झोप गेली होती माझी. म्हटलं, असेल तर असू दे आपल्या माथी. कुणाच्या तरी माथी जायचंच."

इथं आपला सतराशेसाठ सुटला होता. गुन्हा दुसऱ्यानं कबूल केलेला, शिक्षा भोगून झालेली, घरात चहा चालू झालेला. तोंड उघडलं तर जुळलेलं घर पुन्हा उसवणार. तो घरात गेला, खुर्चीवर बसला, आणि मन म्हणालं, गप्प बसणं हाच आता शहाणपणा, त्यांच्याच भल्यासाठी. मन असं सोज्वळ बोलायला लागलं की ओळखावं, ते पळायच्या बेतात आहे. त्यालाही ते ओळखू आलं, कारण वर्षभर ते हेच बोलत आलं होतं. तो उठला आणि कापड न घेता मास्तरांकडं गेला.

काकू दाराशी बसून सदऱ्याला काज करत होत्या, मास्तर यंत्रावर. त्यानं उभ्यानंच सांगितलं. साल, पूर्ण फेरी, चुना, पुस्तक, रोपवाटिका. टोपलीचा भाग दुसऱ्यांदा सांगावा लागला.

यंत्र थांबलं. पहिले मास्तरच बोलले.

"म्हणजे मी फुकट माफी मागितली?"

"हो."

"हात जोडून! तीस वर्षांत पहिल्यांदा!" मास्तर उठून उभे राहिले. "अहो, सात पँटी शिवल्या तुम्हाला! सात वेळा कमरेला हात घातला! एकदा तरी म्हणायचं होतं, मास्तर, टेप बाजूला ठेवा!"

काकूंनी काजाचा टाका पुरा केला, दोरा तोडला. मग आतून टोपली आणली, तिच्यातली रिळं एकेक करून यंत्राच्या फळीवर ठेवली आणि रिकामी टोपली उलटीसुलटी करून पाहिली. कोंबांच्या गाठी बोटांनी चाचपल्या.

"हे जोडले असते तर वाचलं असतं?"

"हो काकू."

"आणि तुम्हाला हे कळलं ते मागच्या वर्षी."

"जोडतात हे आज कळलं. झाड मरणार हे मागच्या वर्षी. विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं."

"मी तुम्हाला तुत्या दिल्या होत्या," काकू म्हणाल्या. "वाडगाभर."

त्याला वाटलं, आता अबोला आपल्या वाट्याला. तो घ्यायला तो तयारच होता. पण काकू म्हणाल्या, "कुठं ठेवलीय ती साल? मला दाखवा."

तिघं कलादालनात गेले. सतराशेसाठ पुढं, ते दोघं मागं, जणू त्याला धरून नेत आहेत. मास्तर गळ्यातला टेपही काढायला विसरले होते. खोलीत एक मुलगी मिठीला कवटाळून उभी होती. ती बाजूला झाली तशा काकू जवळ गेल्या. मिठी मारली नाही. हात पाठीशी धरले आणि नुसता कान लावला. आत पानं सळसळत होती, दोन वर्षांपूर्वीची, भरगच्च. काकू बराच वेळ तशाच वाकून उभ्या होत्या. सतराशेसाठला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं, पण दालनाची फरशी भक्कम होती.

मग काकूंनी पाटी वाचली. ओठ हलवत, एकेक शब्द. "आपणहून दिलेलं," त्या म्हणाल्या. "हे कुणी लिहिलं?"

"मीच."

"काढा."

त्यानं पाटी काढली. दालनाच्या बाई धावत आल्या, हे काय, हे काय करताय म्हणू लागल्या. त्यानं त्यांच्याकडं कागद आणि पेन मागितलं आणि बाकावर बसून लिहिलं: "ही साल शेजारच्या काकूंच्या तुतीची आहे. ती पूर्ण फेरीनं काढल्यामुळं चुकून झाड मेलं."

काकूंनी वाचलं. "चुकून खोडा."

"पण काकू, साल तर..."

"साल चुकून. गप्प बसलात ते चुकून नव्हतं. कोंब कुठं आहेत यात? मास्तर कुठं आहेत?"

"मी कशाला हवा त्यात?" मास्तर म्हणाले.

"आळ आला ना तुमच्यावर? मग हवेत."

त्यानं खोडलं. कोंब लिहिले. टोपली लिहिली. वर्षभर ठाऊक असून बोललो नाही, आळ दुसऱ्यावर जाऊ दिला, हे लिहिताना पेन दोनदा थांबलं. मघाची मुलगी त्याच्या खांद्यावरून वाचत होती. वाचता वाचता तिनं, ज्या हातांनी मिठी मारली होती, ते हात ओढणीला पुसले. त्यानं ते पाहिलं आणि पुढची ओळ लिहिली.

दालनाच्या बाई हळूच म्हणाल्या, "अहो, हे असं वाचल्यावर कोण मिठी मारेल?"

"नका मारू," काकू म्हणाल्या.

कागद भरला. कडेनं आडव्या ओळींत लिहिण्याइतकाही कोपरा उरला नाही आणि दालनाचं नाव यायचं होतं, त्याचं स्वतःचंही. मास्तरांनी गळ्यातला टेप काढला, आधी पाटीची चौकट मोजली, मग कागद मोजला, आणि दोन्ही आकडे ऐकवून म्हणाले, "मावत नाही हो. मोठा कागद आणा. पहिल्यापासून लिहा, आणि या वेळी जरा मोठ्या अक्षरांत. लांबून वाचता आलं पाहिजे."

सतराशेसाठ मोठा कागद मागायला उठला.